पर्थ ग्लोरी: जांभळ्या शर्टातले खेळाडू, गाजलेले आणि टिकलेले

स्वानकाठी (धागाकर्ता)

फुटबॉलपटू रायन विल्यम्सने भारतीय नागरिकत्व घेतलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं, आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईचे मित्र मला विचारतायत की तो आधी ऑस्ट्रेलियातल्या ज्या पर्थ ग्लोरीकडून खेळायचा तो क्लब कसा आहे, तिथून आणखी कोण खेळलंय. मी पर्थला राहतो आणि या क्लबचे सामने मनापासून बघतो, म्हणून एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

नेटवर शोधलंत तर आधी तीन नावं समोर येतील: रॉबी फाउलर, विल्यम गॅलास, डॅनियल स्टरिज. तिघेही इंग्लिश प्रीमियर लीग गाजवलेले, आणि तिघेही इथे एकेकच मोसम राहिले. ग्लोरीची ओळख या तिघांवरून करून देणं मला अजिबात पटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं हा जांभळा शर्ट घातला, किंवा ज्यांना या शहराने घडवून बाहेर पाठवलं, त्यांची नावं आधी यायला हवीत.

थोडी पार्श्वभूमी. क्लबची स्थापना १९९५ ची आणि नॅशनल सॉकर लीगमधला (ऑस्ट्रेलियाची तेव्हाची अव्वल लीग) पहिला मोसम १९९६-९७ चा. निक टाना नावाच्या फास्टफूड व्यावसायिकाने त्यात पैसा आणि जीव दोन्ही ओतला. तोवर ऑस्ट्रेलियातले बरेचसे क्लब एकेका स्थलांतरित समाजाचे असायचे: क्रोएशियनांचा वेगळा, ग्रीकांचा वेगळा, इटालियनांचा वेगळा. ग्लोरी कुठल्याच एका समाजाचा नव्हता, पूर्ण पर्थचा होता. त्यामुळे लोक धो धो आले. पर्थ ओव्हलवर 'द शेड' नावाचा कट्टर पाठीराख्यांचा भाग होता, तिथला आवाज पाहुण्या संघांना नकोसा व्हायचा.

अंतराचंही सांगायला हवं, कारण त्याशिवाय इथल्या खेळाडूंचे कष्ट कळत नाहीत. इथून सगळ्यात जवळचा विरोधी संघ ॲडलेडचा, तो विमानाने दोन हजार किलोमीटरहून लांब. न्यूझीलंडचा वेलिंग्टन फीनिक्स तर सव्वापाच हजार किलोमीटरवर. बाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे खंड ओलांडून जायचं, खेळायचं, परत यायचं. हे तेरा वर्षं केलेला माणूस म्हणजे जेमी हार्नवेल. १९९८ ते २०११. मुळात बचावपटू, पण गोलची गरज पडली की प्रशिक्षक त्याला सरळ आघाडीला पाठवायचे आणि तो हेडरने गोल काढून द्यायचा. अडीचशेहून जास्त सामने. त्याने नंतर महिला संघालाही प्रशिक्षण दिलं आणि २०१४ मध्ये साखळीत अव्वल आणलं.

दुसरं नाव बॉबी डेस्पोटोव्हस्कीचं. पर्थमध्येच जन्मलेला, सर्बियन घरातला. त्याच्याइतके गोल या क्लबसाठी कुणी केले नाहीत. २००५-०६ मध्ये ए-लीग, म्हणजे ऑस्ट्रेलियाची नवी अव्वल लीग, सुरू झाली तेव्हा तिच्यातलं सर्वोत्तम खेळाडूचं पहिलं जॉनी वॉरन पदक यालाच मिळालं.

आणि २००० सालचा अंतिम सामना. इथल्या जुन्या पाठीराख्यांसमोर हा विषय जपून काढावा लागतो. सुबियाको ओव्हल, ४३,२४२ प्रेक्षक, प्रशिक्षक बर्न्ड स्टांगे (पूर्वी पूर्व जर्मनीचे, नंतर इराकचे). मध्यंतराला ग्लोरी ३-० ने पुढे. समोर वुलाँगाँग वुल्व्ज. उत्तरार्धात वुलाँगाँगने तीन गोल फेडले, बरोबरीचा अगदी शेवटच्या मिनिटांत, आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये ७-६ ने चषक नेला. वुलाँगाँगच्या त्या संघातला स्कॉट चिपरफील्ड पुढे स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये गेला, तिथे त्याला सहकारी मिळाला इव्हान एर्गिच, जो अगदी कोवळ्या वयात १९९९-२००० मध्ये ग्लोरीकडून खेळला होता. एर्गिच युगोस्लाव्हियाच्या युद्धातून निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आलेला मुलगा. ग्लोरीहून थेट युव्हेंटसने उचलला, मग बाझेलचा कर्णधार झाला, २००६ चा विश्वचषक सर्बिया-माँटेनेग्रोकडून खेळला. निवृत्तीनंतर तो कविता आणि लेख लिहितो. हा माणूस कुठल्याच 'टॉप टेन' यादीत का नसतो हे मला कळत नाही.

पुढे २००३ मध्ये ग्लोरीने त्याच सुबियाकोवर ऑलिंपिक शार्क्सला २-० हरवून जखम थोडी भरून काढली. २००४ चा अंतिम सामना सिडनीत पॅरामाटा पॉवरविरुद्ध. जादा वेळेत निक म्र्झाचा गोल्डन गोल (जो होताच सामना संपतो), १-०. नॅशनल सॉकर लीगच्या इतिहासातला तो शेवटचा गोल. त्यानंतर ती लीगच बंद झाली.

तुमच्या मते ग्लोरीची नावं सांगायची तर कुठून सुरुवात करावी?

ओव्हलवरचा_उजवा_बॅक

माहिती छानच आहे दादा, पण फाउलरवर अन्याय करताय. २०१०-११ मध्ये तो आला तेव्हा पस्तिशीत होता, संघ तळाजवळ रेंगाळत होता, तरी नऊ गोल केले आणि त्या मोसमात क्लबचा सर्वाधिक गोल करणारा तोच होता. त्याआधी टाउन्सव्हिलच्या नॉर्थ क्वीन्सलँड फ्यूरीकडून खेळलेला, म्हणजे ऑस्ट्रेलियातली उष्णता आणि प्रवास त्याला ठाऊक होता. पैसे घेऊन फिरायला आलेला माणूस असा खेळत नाही.

आणि त्याचा आपल्याकडचा संबंध विसरू नका. २०२०-२१ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) कोविडमुळे पूर्ण गोव्यात झाली, तेव्हा ईस्ट बंगालचा प्रशिक्षक फाउलर होता. त्याने बचावात कुणाला आणलं? स्कॉट नेव्हिल. पर्थचाच, ग्लोरीतून पुढे आलेला, आणि फाउलरच्या मोसमात त्याच्याच संघात असलेला. मोसम काही चांगला गेला नाही, पण ओळख कुठे जुळते बघा.

स्वानकाठी

फाउलरचे गोल मान्य. माझा राग खेळाडूवर नाही, यादीवर आहे. गॅलासही २०१३-१४ मध्ये आला, अनुभव दिसायचा, चेंडू कुठे येणार हे त्याला आधीच कळायचं. पण त्याच काळात आपल्या अंगणात कोण होतं? जेमी मॅकलारेन. २०१३ ते २०१५ ग्लोरीत होता. त्याला पूर्ण वेळ खेळण्याची संधी फारशी मिळाली नाही, बरेचदा बदली खेळाडू म्हणून उतरायचा. ब्रिस्बेनला गेला आणि सुटलाच. पुढे मेलबर्न सिटीकडून बेसार्ट बेरिशाला मागे टाकून ए-लीगचा सार्वकालिक सर्वाधिक गोल करणारा झाला. जगप्रसिद्ध नाव मैदानात आणि उद्याचा विक्रमवीर बाकावर, अशी ती वर्षं होती.

बालेवाडीकर_मानसी

तुम्ही सगळे पुरुषांच्याच संघाबद्दल बोलताय. ग्लोरीची सुरुवात सॅम करपासून होते आणि मला वाटतं यात वाद असू नये.

जन्म १९९३, पर्थजवळच्या ईस्ट फ्रीमँटलचा. बाराव्या वर्षापर्यंत ऑस्ट्रेलियन रूल्स फुटी (ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा, सॉकरहून वेगळा फुटबॉल) खेळायची, मुलांच्यात. मोठा भाऊ डॅनियल त्याच खेळात वेस्ट कोस्ट ईगल्सचा मोठा खेळाडू. सॉकरकडे वळली आणि पंधराव्या वर्षी ग्लोरीच्या वरिष्ठ संघात. २००९ मध्ये त्याच वयात राष्ट्रीय संघातही. वडील रॉजर कोलकात्यात जन्मलेले, अँग्लो-इंडियन. आजोबा बॉक्सर, आजी बास्केटबॉल खेळायची. घरातच खेळ होता.

आता आपल्या मातीतली गोष्ट. २०२२ चा महिला आशियाई चषक महाराष्ट्रात झाला, किती जणांना आठवतोय? अंधेरी, नवी मुंबई आणि बालेवाडी. २१ जानेवारी २०२२ ला अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० हरवलं. करचे पाच गोल. त्याच सामन्यात तिने टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मोडला आणि पुरुष-महिला दोन्ही धरून ऑस्ट्रेलियासाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणारी झाली. हा विक्रम मुंबईत झाला! कोविडच्या निर्बंधांमुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते, म्हणून आम्ही पुण्यात घरी बसून बघितला. पुढे ३० जानेवारीला त्यांची उपांत्यपूर्व फेरी बालेवाडीला होती, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि तिथे दक्षिण कोरियाने त्यांना १-० ने बाहेर काढलं. आपल्या मुलींचं तर त्याहून वाईट झालं, संघात कोविड पसरल्यामुळे स्पर्धाच सोडावी लागली. त्याचं दुःख मला अजून आहे.

तर सांगायचा मुद्दा, जगातली पहिल्या पाचांतली आघाडीवीर ज्या क्लबने घडवली त्याची ओळख फाउलरवरून कशी होईल?

तिसरी_पेनल्टी

मानसीताई, कर महान आहे यात शंका नाही. पण ग्लोरीची खेळाडू म्हणून पहिली का? तिच्या काळात डब्ल्यू-लीगचा (ऑस्ट्रेलियातली महिलांची लीग) साखळी मोसम जेमतेम बारा सामन्यांचा. मधली दोन वर्षं ती सिडनी एफसीकडे होती. आणि ग्लोरीला ती अंतिम विजेतेपद देऊ शकली नाही. २०१४ मध्ये साखळीत अव्वल, अंतिम सामन्यात कॅनबराकडून ३-१ हार. २०१६-१७ ला घरच्या मैदानावर मेलबर्न सिटीकडून २-० हार. २०१८-१९ ला सिडनीकडून ४-२. क्लबच्या यादीत पहिलं नाव लावायचं तर क्लबसाठी काय जिंकलं ते बघावं लागेल. त्या निकषावर डेस्पोटोव्हस्की आणि हार्नवेल दोघांकडे दोन-दोन विजेतेपदं आहेत.

आणि २०१४ च्या त्या संघाचा आधार केट गिल होती, त्या मोसमाचा गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) तिचा, बारा गोल. तिचं नाव कुणीच घेत नाही.

बालेवाडीकर_मानसी

केट गिलचं नाव घेतलंत, बरं वाटलं. लीसा डी व्हॅनाचंही घ्यायला हवं, ती याच शहरातली आणि करच्या आधीची पिढी. गोलरक्षक मॅकेन्झी अर्नोल्डही ग्लोरीत होती. २०२३ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या शूटआऊटमध्ये जिने पेनल्टी अडवल्या, तीच.

पण बारा सामन्यांचा मोसम हा करचा दोष कसा? उलट त्यातूनच तिचे कष्ट दिसतात. लीग एवढी छोटी आणि मानधन एवढं तुटपुंजं की चांगल्या मुलींना वर्षातून दोन देशांत खेळावं लागायचं. अमेरिकेचा मोसम संपला की विमानाने पर्थ, इथला संपला की परत अमेरिका, मध्ये राष्ट्रीय संघ. विश्रांती नाहीच. तिला दुसऱ्या मोठ्या शहरात राहणं सोपं होतं, पण ती परत परत पर्थला आली, २०१४ पासून २०१९ पर्यंत. २०१८-१९ मध्ये १७ गोल, तोवरचा लीगचा विक्रम. त्याच वर्षांत अमेरिकेतही २०१७, २०१८, २०१९ सलग तीन वेळा गोल्डन बूट. चेल्सीला गेली ती त्यानंतर.

अंतिम सामना अकरा जणी हरतात. तिने तिथवर आणलं हे कुणी मोजणार की नाही?

स्वानकाठी

मी या वादात मानसीच्या बाजूने आहे, मूळ पोस्टमध्ये मी फक्त हार्नवेलमार्फत महिला संघाला स्पर्श केला, त्याहून जास्त लिहायला हवं होतं असं तुमचे प्रतिसाद वाचून वाटतंय. इथे पर्थमध्ये मुलींच्या सरावाला गेलात तर पाठीवर कुणाचं नाव असतं ते दिसतं. टिकणं हा माझा निकष आहे आणि करचे इतके मोसम हे टिकणंच आहे. तिचे प्रशिक्षक बघा ना: आधी हार्नवेल, मग २०१५ पासून डेस्पोटोव्हस्की. पुरुष संघाचे दोन आधारस्तंभ महिला संघाकडे वळले आणि त्यांच्या हाताखाली कर खेळली. क्लबचा इतिहास एका हातातून दुसऱ्या हातात गेला तो असा.

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक

मंडळी, मी वयाने मोठा आहे, मुंबईच्या फुटबॉलमध्ये वाढलोय, म्हणून विल्यम्स घराण्याबद्दल लिहितो. मला या धाग्यात सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट तीच आहे.

रायनची आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट पन्नासच्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळले. आजच्या पोरांना कल्पना येणार नाही, पण त्या काळात बॉम्बेच्या संघात जागा मिळणं म्हणजे काय होतं! कूपरेजवर हारवूड लीग, रोव्हर्स कप, टाटा, वेस्टर्न रेल्वे, लाकडी बाकांवर चिकटून बसलेली माणसं. अँग्लो-इंडियन, गोवन, मंगळुरी, मुसलमान, मराठी, सगळ्यांची पोरं एका संघात. रेल्वेच्या आणि कस्टम्सच्या वसाहतींतली अँग्लो-इंडियन मुलं हॉकी आणि फुटबॉल दोन्हीत तरबेज असत.

स्वातंत्र्यानंतर यातली पुष्कळ कुटुंबं परदेशी गेली. पश्चिम ऑस्ट्रेलिया भारताला जवळचा किनारा, त्यामुळे पर्थमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. हॉकीवाल्यांना पियर्स बंधू आठवत असतील: जबलपूरचे पाच भाऊ, पाचही जण ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले, पर्थमध्ये वाढून. ऑस्ट्रेलियन हॉकी ज्या पायावर उभी राहिली त्यात आपल्याकडून गेलेल्या या लोकांचा मोठा वाटा आहे. फुटबॉलमध्ये तोच धागा करच्या घरात दिसतो, कोलकात्याचा, आणि विल्यम्सच्या घरात मुंबईचा.

विल्यम्स भाऊ तीन. थोरला ऱ्हिस, मिडल्सब्रोला नाव कमावलेला. त्याला इंग्लंड, वेल्स, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा चार देशांचे दरवाजे उघडे होते. त्याने ऑस्ट्रेलिया निवडलं. दुखापतींनी फार छळलं त्याला, त्यातच विश्वचषक हुकले. नंतर तो ग्लोरीकडून खेळला. रायनचा जुळा भाऊ ॲरिन, तोही ग्लोरीचा, आणि भारतात रायनच्याही आधी आला: इंफाळच्या नेरोका संघाकडून आय-लीग खेळला. २०१७-१८ मध्ये नेरोका दुसरा आला, तेव्हा तो त्या संघात होता. आणि रायन इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ, रॉदरहॅम असं करत ग्लोरीत, तिथून २०२३ ला बंगळुरूला.

एका घरातले तिघे भाऊ एकाच क्लबच्या शर्टात, आणि आजोबा बॉम्बेच्या. नातवाने आजोबांच्या देशाचा पासपोर्ट घेतला तेव्हा मला फार भरून आलं. त्यासाठी त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरी_पेनल्टी

काका, सुंदर लिहिलंत. एक प्रश्न आहे. रायन २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता ना? मग भारताकडून कसा चालतो?

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक

खेळला होता, एकच सामना, दक्षिण कोरियाविरुद्ध, मैत्रीपूर्ण. स्पर्धेचा सामना नव्हता, म्हणून फिफाच्या नियमांत देश बदलायला वाव राहतो. कागदपत्रं मात्र दोन्ही महासंघांकडून पूर्ण व्हावी लागतात.

फातोर्ड्याचो_पावस

नमस्कार सगळ्यांक. मडगांवचो आसां, मराठीत लिहितो.

आयएसएलमध्ये ग्लोरीची माणसं मोजायला बसलो तर बरीच निघतात. जोएल कियानीज घ्या. २०१८-१९ ला ग्लोरीने साखळी जिंकली त्या संघातला. नंतर हैदराबाद एफसीमध्ये आला, आणि २०२२ मध्ये आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला शूटआऊटमध्ये हरवून चषक घेतला. त्या दिवशी स्टेडियम पिवळंधम्मक होतं, केरळवाले गाड्या भरभरून आले होते.

मुंबईकरांसाठी रॉस्टिन ग्रिफिथ्स. पर्थमध्ये वाढलेला, ग्लोरीकडून खेळलेला, मग नेदरलँड्स, उझबेकिस्तान, मेलबर्न सिटी असा फिरून २०२२ मध्ये मुंबई सिटीत. मेलबर्न सिटी आणि मुंबई सिटी दोन्ही एकाच सिटी फुटबॉल ग्रुपचे, त्यामुळे ती वाट मोकळी होती. २०२२-२३ चं लीग शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याचं) मुंबईने घेतलं त्यात बचावात त्याचा मोठा हात. उंच, हवेतल्या चेंडूवर एक नंबर, आणि मागून पास काढायची नजर मधल्या फळीतल्या माणसाची, कारण मुळात तो मधल्या फळीतलाच.

आणि १२ एप्रिल २०२५ चा आयएसएलचा अंतिम सामना आठवा. सॉल्ट लेक, मोहन बागान विरुद्ध बंगळुरू. एका बाजूला रायन विल्यम्स, दुसऱ्या बाजूला वर ज्याचा उल्लेख झाला तो जेमी मॅकलारेन. जादा वेळेत मॅकलारेनने गोल मारला आणि बागान २-१ ने जिंकलं. पर्थचा शर्ट घातलेली दोन माणसं कोलकात्यात भारतीय विजेतेपदासाठी भिडली.

स्वानकाठी

हे फार भारी जुळवलंत! त्या सामन्याकडे मी या नजरेने पाहिलंच नव्हतं.

२०१८-१९ चा विषय निघालाच आहे तर सांगतो. टोनी पोपोव्हिच प्रशिक्षक म्हणून आला आणि संघाला शिस्त लावली. ए-लीगमधलं पहिलं प्रीमियर्स प्लेट, म्हणजे साखळीतलं अव्वल स्थान. अंतिम सामना १९ मे २०१९ ला ऑप्टस स्टेडियममध्ये, ५६,३७१ प्रेक्षक, ए-लीगच्या अंतिम सामन्याचा विक्रम. मी तिथे होतो. १२० मिनिटं ०-०. शूटआऊटमध्ये सिडनीचा गोलरक्षक अँड्र्यू रेडमेन, हाच पुढे २०२२ मध्ये पेरूविरुद्ध रेषेवर नाचला आणि ऑस्ट्रेलियाला विश्वचषकात घेऊन गेला. आपले ४-१ ने गेले.

त्या संघाचा प्राण दिएगो कास्त्रो. स्पेनमध्ये हिहोन आणि हेताफेकडून वर्षानुवर्षं ला लीगा खेळलेला माणूस २०१५ मध्ये पर्थला आला, आणि २०२१ पर्यंत राहिला. नाव मोठं नव्हतं म्हणून स्वागताला कॅमेरे नव्हते. पहिल्याच मोसमात जॉनी वॉरन पदक. चेंडू त्याच्या पायाशी आला की खेळाचा वेग तो ठरवायचा, दोघे अंगावर आले तरी घाई नाही. परदेशी खेळाडू कसा असावा, तर असा. सोबत आयर्लंडचा अँडी किओ, ए-लीगमध्ये ग्लोरीसाठी सर्वाधिक गोल करणारा.

ओव्हलवरचा_उजवा_बॅक

आयर्लंडवरून लियाम मिलर. त्याच्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. सेल्टिक, मँचेस्टर युनायटेड, आणि २०११ ते २०१३ ग्लोरी. २०१२ च्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेनविरुद्ध ग्लोरी १-० ने पुढे होती. बेरिशाने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेत मिलरविरुद्ध पेनल्टी दिली गेली. ती बेरिशानेच मारली, २-१. त्या पेनल्टीवर इथे आजही भांडणं होतात. माझ्या मते ती नव्हती. मिलर २०१८ मध्ये कर्करोगाने गेला, वय अवघं ३६. त्याच्या कुटुंबासाठी कॉर्कमध्ये मदतीचा सामना झाला, त्यासाठी गेलिक खेळांच्या संघटनेने आपल्या मैदानावर सॉकरला परवानगी द्यावी म्हणून आयर्लंडभर आवाज उठला, आणि शेवटी परवानगी मिळाली. मैदान पूर्ण भरलं.

तिसरी_पेनल्टी

डेस्पोटोव्हस्कीबद्दल सगळे गोडच बोलतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. २००१ मध्ये मेलबर्न नाइट्सच्या मैदानावर, म्हणजे क्रोएशियन समाजाच्या क्लबमध्ये, त्याने प्रेक्षकांना तीन बोटांची सर्बियन सलामी केली. बाल्कन युद्धाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती, समोर बसलेल्यांत युद्धात माणसं गमावलेले लोक होते. सामन्यानंतर संघावर हल्ला झाला. हल्ल्याचं समर्थन मी करत नाही, पण सलामी चिथावणीच होती. स्वानकाठीदादा, तुम्हीच लिहिलंत की ग्लोरी कुठल्याच एका समाजाचा नव्हता. मग त्याच क्लबच्या सर्वात लाडक्या खेळाडूने हे केलं, ते टाळून त्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

स्वानकाठी

बरोबर आहे, ते टाळता येत नाही. सलामी चुकीची होती असंच माझंही मत. त्या लीगमध्ये युरोपातली जुनी भांडणं मैदानात यायची, आणि लीग बंद करून ए-लीग नव्याने उभारण्यामागे तेही एक कारण होतं. त्याच वेळी हेही खरं की त्या लीगने, त्या समाजांच्या क्लबांनीच इथे फुटबॉल जिवंत ठेवला. एर्गिच, डेस्पोटोव्हस्की, युक्रेनहून किशोरवयात पर्थला आलेला आणि ग्लोरीतून ट्वेंटेला गेलेला निकिता रुकावित्स्या, आणि ही अँग्लो-इंडियन घरातली मुलं. कुठून कुठून आलेल्या लोकांची पोरं या एका शहराने खेळवली. मला या क्लबबद्दल जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे. मीही बाहेरून येऊनच इथला झालोय.

नवी_मुंबई_डावखुरा

स्टरिजबद्दल कुणी लिहिलं नाही. तो अपयशी ठरला असं सगळीकडे वाचतो.

स्वानकाठी

२०२१-२२. मोजके सामने, बहुतेक बदली म्हणून, एकही गोल नाही. पण तो मोसम कुणाचाच नव्हता. कोविडमुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा मार्च २०२२ पर्यंत बंद होती, त्यामुळे संघ महिनोन्‌महिने पूर्वेला हॉटेलांत राहून खेळत होता, घरच्या प्रेक्षकांपासून दूर. त्यात त्याचे पाय आधीच दुखापतींनी बेजार, त्याआधी बराच काळ सामनाच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फक्त पोस्टरवर त्याला पहिलं ठेवू नका एवढंच.

नवी_मुंबई_डावखुरा

समजलं. आणि हे सामने आपल्याकडे किती वाजता असतात? पोराला दाखवायचेत.

स्वानकाठी

पर्थ भारताच्या अडीच तास पुढे. इथे संध्याकाळी पावणेसातला सुरू झाला की तुमच्याकडे सव्वाचार. शाळेतून आल्यावर पोराला आरामात बघता येईल.

दाखवताना ॲडम टॅगर्टवर नजर ठेवायला सांगा, ग्लोरीच्या २०२३-२४ च्या जुन्या सामन्यांतही. पर्थचाच मुलगा. न्यूकॅसलकडून २०१३-१४ चा गोल्डन बूट, २०१९ मध्ये कोरियात सुवॉनकडून तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा, आणि मग घरी परत येऊन २०२३-२४ मध्ये २० गोलांसह पुन्हा ए-लीगचा गोल्डन बूट, तेही संघ तळाला असताना. चेंडू येण्याआधी तो बचावपटूच्या खांद्यामागे कसा सरकतो ते बघायला सांगा, आघाडीला खेळणाऱ्या पोराला त्यातून खूप शिकता येईल.

बालेवाडीकर_मानसी

आणि मुलगी असेल तर करचे जुने गोल. मुलगा असला तरी तेच.